डिस्चार्ज कोणता, पेशंटचा की जखमेचा?

पत्र थोडक्यात असं:

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला असलेल्या सिस्टरचं हे पत्र. मूळ गाव मराठवाड्यात, शाळा मराठी माध्यमाची, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यावर सहा वर्षांची नोकरी. आता मॅट्रननी, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, वॉर्डची इन्चार्ज होशील का म्हणून विचारलंय आणि ती नाही म्हणायच्या बेतात आहे. कारण इंग्रजी. दोन प्रसंग तिच्या मनातून जात नाहीत. एकदा नाइटला असताना तिने सर्जनना फोनवर सांगितलं, ‘सर, बेड नंबर सिक्स, डिस्चार्ज इज देअर.’ तिला सांगायचं होतं की टाक्यांतून पस येतोय. सर म्हणाले, ‘सकाळी बघू, बिलिंगला कळवून ठेवा.’ आरएमओने, म्हणजे रुग्णालयातच हजर असलेल्या डॉक्टरने, जाऊन बघितलं म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा नाइट रिपोर्टमध्ये तिने लिहिलं, ‘आय वॉज इन द चार्ज ऑफ बेड नंबर नाइन पेशंट’, आणि कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ती वहीत एकेका शब्दाचे अर्थ लिहून पाठ करतेय. ‘चार्जचे अकरा अर्थ मला तोंडपाठ आहेत, तरी बोलताना अडते. सोबतच्या केरळच्या सिस्टर फाडफाड बोलतात. चाळीस हजारांचा स्पोकन इंग्लिशचा कोर्स आहे, त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढू का? आणि इंग्रजी सुधारेपर्यंत इन्चार्जपदाला नाही म्हणू का?’

सिस्टर,

आधी फोनचा प्रसंग घेऊ, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमच्या डोळ्यांसमोर भिजलेलं ड्रेसिंग होतं. पलीकडे झोपेतून उठलेल्या माणसाच्या कानावर पडलं ते फक्त ‘बेड नंबर’ आणि ‘डिस्चार्ज’. हे दोन शब्द लागोपाठ आले की रुग्णालयात त्यांचा एकच अर्थ होतो, पेशंट घरी चालला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिलिंग, फार्मसी, हाउसकीपिंग सगळे त्याच अर्थाने ते बोलत असतात. सरांनीही तोच घेतला. आता अपरात्री कोणती सिस्टर पेशंटला घरी सोडायचं विचारायला फोन करेल, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता, तो पडला नाही. तेव्हा सगळी चूक तुम्ही आपल्या पदरात घेऊ नका.

पण तुमच्या वाक्यात नेमकं काय कमी होतं ते बघा. व्याकरण तर नाहीच, शब्दसुद्धा बरोबर होता. स्राव या अर्थाने डिस्चार्ज हा वैद्यकीय इंग्रजीतला रोजचा शब्द आहे. फक्त स्राव काही बेड नंबरला होत नाही. तो जखमेला होतो, टाक्यांना होतो, कानाला, डोळ्याला होतो. ‘पस डिस्चार्ज फ्रॉम द सूचर लाइन’ (टाक्यांच्या ओळीतून पू) एवढं म्हटलं असतंत तर झोपेतल्या माणसालाही घरी जाणारा पेशंट दिसला नसता. ‘फ्रॉम’ इथे मदतीला येत नाही बरं का. डिस्चार्ज्ड फ्रॉम द हॉस्पिटलही आहे आणि डिस्चार्ज फ्रॉम द वूंडही. फरक करतो तो फ्रॉमनंतर येणारा शब्द, किंवा डिस्चार्जच्या आधी येणारा: प्युरुलंट (पुवाचा), सीरस (पातळ), फाउल-स्मेलिंग (घाण वासाचा). यांतला एक जरी शेजारी बसला तरी डिस्चार्ज कार्डाचा विषय संपला.

म्हणून मला तुमच्या इंग्रजीपेक्षा त्या वहीची काळजी वाटते. डावीकडे एक शब्द, उजवीकडे खालोखाल अकरा अर्थ. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या आणि शब्द म्हणजे त्याचा मराठी अर्थ हे आपल्या अंगात मुरलंय. एकच अर्थ असलेल्या शब्दाला ते चालतं. स्टेथोस्कोपला चालतं. चार्जला चालत नाही. ऐन वेळी अकरांतला कोणता अर्थ उचलायचा हे ती वही तुम्हाला सांगत नाही, आणि अडते ते नेमकं तिथे.

तुम्ही पत्रात केरळच्या सिस्टरांचं लिहिलंय. त्या मराठी कशा शिकल्या ते कधी बघितलंय? एखाद्या नव्या आलेल्या सिस्टरला विचारा, ‘लागणे’ म्हणजे काय. तुमच्याच वॉर्डातले पेशंट दिवसभर काय सांगतात? धाप लागते. भूक लागत नाही. जुलाब लागलेत. उचकी लागली. रात्रभर डोळा लागला नाही. पायाला मुका मार लागला. वर नातेवाईक विचारतो, अजून किती वेळ लागेल, किती पैसे लागतील. तुम्ही हे सगळं ऐकता आणि केसपेपरवर लिहिता ब्रेथलेसनेस, लॉस ऑफ ॲपेटाइट, लूज मोशन्स, हिकप्स, स्लीप डिस्टर्ब्ड, ब्लंट ट्रॉमा. ‘लागणे’चा एक इंग्रजी प्रतिशब्द शोधत तुम्ही कधी थांबलात का? नाही, कारण तुमच्या डोक्यात ‘लागणे’ सुटा नाहीच. धाप आहे, उचकी आहे, मार आहे, आणि त्याच्यासोबत तो चिकटून येतो. ‘लागणे’चे अर्थ मोजायला बसलात तर तुमच्या चार्जला केव्हाच मागे टाकतील, पण ते पाठ करायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. जोड्या ऐकल्या, जोड्या बोललात.

तेव्हा ‘मला अनेक अर्थांचे शब्द जमत नाहीत’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. तुम्ही ते एका भाषेत उत्तम करता आणि रोज दुसऱ्या भाषेत पोचवताही. इंग्रजीत मात्र उलट्या टोकाने सुरुवात केलीत.

खरं तर इंग्रजीतही निम्मं काम आधीच झालेलं आहे. चार्ज हा शब्द तुम्ही शाळेपासून ऐकताय. मोबाइल चार्जिंगला लावला. बँकेने चार्जेस कापले. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. मोर्चावर लाठीचार्ज झाला. नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतला, शेजारच्या तालुक्याचा ॲडिशनल चार्जही त्यांच्याकडेच आहे. गावातल्या न शिकलेल्या आजीलाही लाठीचार्ज आणि मोबाइल चार्ज यांत गोंधळ होत नाही, कारण आधीचा शब्द तिला रस्ता दाखवतो. मराठीने तर यांतल्या प्रत्येकाला वेगळं घर दिलंय. वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असतात. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार. कोर्टात दोषारोप. सरकारी आदेशात कार्यभार. रस्त्यावर लाठीमार. डिस्चार्जचंही तेच. पेशंटला सुट्टी मिळते, जखमेतून स्राव होतो, पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सोडतात, आणि कर्तव्य बजावलं, कर्ज फेडलं या दोन्हींसाठी इंग्रजीत पुन्हा डिस्चार्जच. कोर्टात आरोपी डिस्चार्ज होतो म्हणजे दोषारोप ठेवण्याइतकंही काही हाती नाही म्हणून खटल्याआधीच सुटतो. खटला चालून निर्दोष सुटला तर त्याला ॲक्विटल म्हणतात, हे बातम्या देणारेही पुष्कळदा विसरतात. मराठीने जे वेगळ्या शब्दांनी दाखवलं ते इंग्रजी शेजारच्या शब्दांनी दाखवते.

हे सगळे अर्थ एकाच शब्दात कसे गोळा झाले याचं उत्तर गंमतशीर आहे. लॅटिनमध्ये गाडीला जो शब्द होता त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत चार्ज म्हणून आलं. कार, कॅरी, कार्गो ही त्याच घरातली भावंडं. मग बंदुकीत दारू भरली तो चार्ज, माणसावर जबाबदारी टाकली तो चार्ज, पैशांचा बोजा टाकला, आरोप ठेवला, तोही चार्ज. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेचे प्रयोग करताना काचेच्या बरण्या विजेने भरल्या, तिथेही हाच शब्द. आणि अशा बरण्यांच्या रांगेला तोफांच्या रांगेवरून बॅटरी हे नावही त्यानेच दिलं. ओझं चढवणं म्हणजे चार्ज, उतरवणं म्हणजे डिस्चार्ज. मराठीतला ‘भार’ही पदभार, प्रभार, अधिभार असा साधारण याच वाटेने फिरलाय. वाचायला मजा येते, लक्षातही राहतं. पण हॅंडओव्हरच्या वेळी, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देताना, मूळ आठवून काही उपयोग होत नाही, एवढं सांगून ठेवते.

आता दुसरा प्रसंग, ज्यावर ग्रुपमध्ये हसले तो. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. एका ‘द’ने कोण कुणाची काळजी घेतं ते उलटतं. नर्स इज इन चार्ज ऑफ द पेशंट, म्हणजे जबाबदारी नर्सची. पेशंट इज इन द चार्ज ऑफ द नर्स, म्हणजेही जबाबदारी नर्सचीच, फक्त वाक्य पेशंटकडून सुरू झालं. तुम्ही नर्सकडून सुरू केलंत आणि ‘द’ घातलात, म्हणून बेड नंबर नऊचा पेशंट रात्रभर तुमची देखभाल करत होता असा अर्थ निघाला. हसू येण्यासारखं आहे, मान्य. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांना हा फरक नियम म्हणून सांगता आला असता, याबद्दल मला दाट शंका आहे. त्यांच्या कानाला ते खटकलं, एवढंच. तुमच्याही कानाला खटकायला लागेल. तोवर सोपी वाट आहे. ‘द पेशंट वॉज अंडर माय केअर’ असं लिहा, ‘द’ची भानगडच राहत नाही.

याच शब्दाची आणखी एक गोष्ट इन्चार्ज होणाऱ्या बाईला माहीत असलेली बरी. आपल्याकडे इन्चार्ज हे नाम झालंय. ‘आमच्या इन्चार्ज आल्या’, ‘इन्चार्जना विचारा’. भारतात ते सगळीकडे चालतं, त्यात कमीपणा काही नाही. बाहेर मात्र ‘शी इज इन चार्ज’ म्हणतात किंवा ‘चार्ज नर्स’. अमेरिकेत चार्ज नर्स म्हणजे त्या शिफ्टची प्रमुख. ब्रिटनमध्ये वॉर्डच्या प्रमुख बाईला सिस्टर म्हणायची जुनी रीत, तेव्हा त्या जागेवर पुरुष असेल तर तो चार्ज नर्स. पुढेमागे परदेशी जायचा विचार असला तर हे उपयोगी पडेल.

चार्जच्या मागे कोणता छोटा शब्द येतो यावरही बरंच ठरतं. ‘चार्ज्ड फॉर’ आलं की पैशांचा विषय: पेशंट वॉज चार्ज्ड फॉर द ग्लव्ज. ‘चार्ज्ड विथ’ आलं की पोलिसांचा विषय: चार्ज्ड विथ चीटिंग. बिलाबद्दल तक्रार करणाऱ्या नातेवाइकाला उत्तर देताना यांची अदलाबदल झाली तर बघायलाच नको. ‘फ्री ऑफ चार्ज’मध्ये चार्ज एकटाच असतो, आपल्याकडे पाट्यांवर ‘फ्री ऑफ चार्जेस’ दिसतं ते चूक. आणि आयसीयूत डीफिब्रिलेटरपाशी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुणी ‘चार्ज टू टू हंड्रेड’ ओरडलं तर तिथे पहिला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ आणि नंतरचा आकडा, दोनशे ज्यूल. ही जोडी तुम्हाला ठाऊक असणारच, कारण ती तुम्ही पुस्तकात वाचली नाहीत, काम करताना कानावर पडली.

तुमच्या वॉर्डात चार्जपेक्षा जपून वापरायचे शब्द दुसरेच आहेत. ‘पास’ घ्या. पेशंट पास्ड युरिन ही चांगली बातमी. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) पास केली हे काम झालं. पेशंट पास्ड आउट म्हणजे शुद्ध हरपली. पास्ड अवे म्हणजे गेला. शेवटच्या दोघांत फक्त एक छोटा शब्द बदललाय, आणि फोनवर नातेवाइकांना सांगताना तो चुकला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय आपण ‘मी 2019ची पासआउट’ म्हणतो, ते भारताबाहेरच्या माणसाला सांगितलंत तर त्याला वाटेल तुम्ही 2019 साली चक्कर येऊन पडलात. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘आय क्वालिफाइड’ म्हणा. दुसरा शब्द ‘फिट’. पेशंट इज फिट फॉर सर्जरी आणि पेशंट हॅड अ फिट. पहिल्यात तो थिएटरला जातो, दुसऱ्यात थिएटर रद्द होतं. मराठीतही आपण ‘पेशंट फिट आहे’ आणि ‘पेशंटला फिट आली’ म्हणतोच, आणि गोंधळ होत नाही, तो ‘आहे’ आणि ‘आली’मुळे. फाइलमध्ये मात्र ‘सीझर’ (seizure, सिझेरियनवालं सीझर नव्हे) किंवा ‘कन्व्हल्शन’ लिहा. ‘फिट’ला आकडीच्या अर्थाने कागदावर जागाच देऊ नका.

या जोड्यांचा अभ्यास करणारी माणसंही होऊन गेलीत. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषातज्ज्ञ होते, 1920च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत, पुढे लंडनला गेले. शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून होते, अशा अर्थाचं त्यांचं 1957चं वाक्य भाषेच्या अभ्यासकांच्या तोंडी आजही असतं. त्यांच्याही आधी, 1933 साली, टोकियोत इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींवर काम करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी अशा शब्दजोड्यांचा अहवालच काढला होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ नोंदवलेत. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यालाही ते सांगता येणार नाहीत. रन अ टेस्ट, रन अ फीव्हर, रन आउट ऑफ स्टॉक एवढं त्याला येतं आणि त्याचं सगळं भागतं.

आता वहीचं काय करायचं. फाडू नका, उलट्या बाजूने सुरू करा. डावीकडे एकटा शब्द लिहायचाच नाही. दोन, तीन, चार शब्दांचा तुकडा लिहायचा, जसा ऐकला तसा, छोट्या शब्दांसकट. उजवीकडे मराठी अर्थ लिहायचा नाही, प्रसंग लिहायचा. ‘डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’ असेल तर समोर लिहा, ‘बेड चारचे काका, मुलगा ऐकेना, सही घेऊन नेलं.’ तुम्ही सगळ्या त्याला डामा म्हणता, ते पूर्ण शब्द असे. ‘सीरस डिस्चार्ज’समोर लिहा, ‘पातळ, पाण्यासारखा, तिसऱ्या दिवशीचं ड्रेसिंग.’ काही दिवसांनी एखादी जोडी आठवली की सोबत काकाही आठवतील. पेशंटचं नाव किंवा आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा क्रमांक) मात्र वहीत येऊ देऊ नका, ती वही घरी जाणार आहे. आणि एका वेळी एकच शब्द घ्या. चार्ज झाला की पास, मग ऑर्डर, मग ड्रॉ. प्रत्येकाच्या तुमच्या कामाच्या सात-आठ जोड्या पुरेत. लाठीचार्ज आणि घोडदळाचा चार्ज सर्जिकल वॉर्डात लागत नाहीत, सोडून द्या.

जोड्या शोधायला लांब जायची गरज नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या डिस्चार्ज समरीत, कन्सेंट फॉर्मवर, क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषध-साधनांची गाडी) चेकलिस्टवर त्या छापलेल्या असतात. डॉक्टर राउंडला जे पुटपुटतात त्यातही असतात. ऐकलेला तुकडा बरोबर आहे का हे बघायचं असेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश मोबाइलवर फुकट आहेत. त्यांत प्रत्येक अर्थाखाली उदाहरणं असतात आणि शब्द कुणासोबत येतो तेही बहुतेक वेळा ठळक दाखवलेलं असतं. अर्थाची ओळ सोडा, उदाहरणं वाचा. आणि केरळच्या त्या सिस्टर आहेतच की. त्यांना ‘लागणे’ शिकवा, त्या तुम्हाला ‘पास’ शिकवतील.

फोनसाठी वेगळं सांगते, कारण तिथे चेहरा दिसत नाही आणि ड्रेसिंगही दिसत नाही. डॉक्टर मराठी असतील आणि प्रसंग तातडीचा असेल तर सरळ म्हणा, ‘सर, सहा नंबरच्या टाक्यांतून पस येतोय, ड्रेसिंग भिजलंय.’ यात तुमची पत कमी होत नाही. डॉक्टर अमराठी असतील तरी ‘पस’ म्हणा, डिस्चार्ज म्हणायची सक्ती कुणी केलीय? ज्या शब्दाला दोन अर्थ आहेत त्याच्याऐवजी एकच अर्थ असलेला मिळत असेल तर तोच घ्यावा. सांगण्याचा क्रम ठरलेला असला की इंग्रजीही कमी अडते. एसबीएआर तुम्ही ऐकलं असेल: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवर सुरू झालेली ही पद्धत आता जगभरच्या रुग्णालयांत आहे. चौथा भाग कधी गाळू नका. ‘सर, तुम्ही येऊन बघाल का?’ हे वाक्य त्या रात्री शेवटी असतं तर बिलिंगचा विषयच निघाला नसता. मग सरांनी जे सांगितलं ते त्यांनाच परत म्हणून दाखवा. ‘म्हणजे पेशंटला डिस्चार्ज द्यायचा ना सर?’ असं त्या रात्री विचारलं असतंत तर ते खाडकन जागे झाले असते.

चाळीस हजारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कर्ज काढून तर नाहीच. तिथे तुम्हाला ‘टेल मी अबाउट युअर फॅमिली’ शिकवतील, ते तुम्हाला येतं, आणि सूचर लाइन शिकवणार नाहीत, ती त्यांना माहीत नसते. संकोच मोडायला चार लोकांत बोलण्याचा सराव हवा असेल तर एखादा स्वस्तातला वर्ग बघा, त्याला माझी ना नाही. परदेशी जायचं मनात असेल तर मात्र हिशेब वेगळा. तेव्हा ओईटी या परीक्षेची तयारी करा. ती आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच आहे, ब्रिटनच्या नर्सिंग काउन्सिलला चालते, आणि नर्सना तिच्यात पेशंटला पुढे पाठवण्याचं किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायला लावतात. म्हणजे तुमच्याच वॉर्डातलं काम.

त्या फोटोचं काय? रिपोर्टच्या पानावर पेशंटचं नाव असतं, बेड नंबर असतो, कधी निदानही असतं. ते पान ग्रुपवर टाकणं ही गोपनीयतेची चूक आहे आणि ती तुमच्या ‘द’पेक्षा कितीतरी मोठी आहे. भांडू नका, पण मॅट्रनना एकदा शांतपणे सांगा. तुमचं चुकलेलं वाक्य रेकॉर्डवर तसंच असेल तर आता गुपचूप त्यात हात घालू नका, मॅट्रनना विचारून रीतसर दुरुस्ती करा. पुढे लिहितालिहिताच चूक दिसली तर एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर वाक्य, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नाही आणि पान फाडणंही नाही. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लाजेपायी माणूस भलतंच करून बसतो म्हणून लिहिलं.

राहिलं इन्चार्जपद. इंग्रजी सुधारेपर्यंत थांबायचं म्हणता, पण सुधारणार कुठे? इन्चार्ज झालात की स्टोअरला मेल लिहावा लागेल, राउंडला उभं राहावं लागेल, बिलावरून तक्रार आली तर उत्तर द्यावं लागेल. जोड्या तिथेच मिळतात. नाही म्हणालात तर त्या दुसऱ्या कुणाला मिळतील. आणि मॅट्रननी सहा वर्षं तुमचं काम बघून विचारलंय. तुमचं इंग्रजी काय आहे हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत आहे, तुमचे रिपोर्ट रोज त्यांच्याच टेबलावर जातात. मनात खरोखर दुसरं काही असेल, घरी लहान मूल असेल, पगार न वाढता जबाबदारी वाढत असेल, तर जरूर नाही म्हणा, पण मग कारण ते सांगा, इंग्रजीच्या मागे लपू नका.

हो म्हणणार असाल तर होकारासोबत दोन गोष्टी मागून घ्या. पहिल्या महिनाभर तुमचे बाहेर जाणारे मेल जुन्या इन्चार्ज किंवा मॅट्रननी नजरेखालून घालावेत. आणि सुरुवातीला सगळ्या मॉर्निंग द्याव्यात, कारण कन्सल्टंटचे राउंड सकाळी होतात आणि वॉर्डात सर्वांत जास्त इंग्रजी त्याच दोन तासांत बोललं जातं.